मागची पानं धूसर करताना

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताना दुकानातल्या गोष्टी सांगत बसता आणि सगळ्यांचं जेवण गार होतं. लिहून ठेवत जा." म्हणजे माझं तोंड बंद करायची ही सोय. पण दुकानातला कॉम्प्युटर तीच चालवते, तेव्हा तिचं ऐकावं लागतं.

आज मोठं गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक मला दिसायच्या आधी ऐकू येतं. निम्मं आयुष्य रस्त्याकडे पाठ करून हाताने पाट्या रंगवल्या. पत्र्याचा एक डबा आणि तीन ब्रश एवढंच भांडवल होतं. मागे कोण येऊन उभं राहिलं ते पावलांवरून कळायला लागलं. भाव पाडायला आलेला उंबऱ्याशी घुटमळतो, तक्रार घेऊन आलेला टाचा आपटतो. याची पावलं वेगळीच निघाली. एकसारखी, मऊ, कुठेच न अडखळणारी. बोलणंही तसंच, इस्त्री करून आणलेलं. मी मनात त्याचं नाव 'गुळगुळीत' ठेवून मोकळा झालो.

शहराबाहेर त्याची मोठी बाग आहे, काकांकडून मिळालेली. तिथे सुट्टीत राहायची घरं बांधून विकायची आहेत. सगळ्या पाट्या आपल्याकडे. चौकातलं होर्डिंग, माहितीपत्रक, बागेच्या फाटकाची पाटी. होर्डिंगभर बागेचा फोटो आणि फोटोवर लोगो, म्हणजे एक पान आणि नावाची सात अक्षरं. (नाव इथे लिहीत नाही. फुकट जाहिरात का करू?)

"बागही दिसली पाहिजे आणि नावही," तो म्हणाला.

"दोन्ही दिसतील," मी म्हणालो. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नाव दिसत नाही.

पांढरी अक्षरं उन्हातल्या पानांत विरघळली. काळी केली तर सावलीत बुडाली. लाल केली तर डोळ्यांपुढे थरथरायला लागली. सूनबाई म्हणाली, "बाबा, रंग संपले." मी म्हणालो, घोळ रंगाचा नाहीच. या फोटोतल्या डहाळ्या आणि लोगोच्या रेघा एकाच जाडीच्या आहेत. अक्षर कुठे संपलं आणि फांदी कुठे सुरू झाली, हे नजरेला कळत नाही. कुणाला लपायचंच असेल तर त्याने गर्दीएवढंच व्हावं, तसं झालंय.

माझी परीक्षा जुनीच आहे. चाळीस पावलं मागे जायचं आणि डोळे अर्धे मिटायचे. लांबून माणूस चेहऱ्याने ओळखू येत नाही, उभं राहायच्या ढबीने येतो. अक्षराचंही तेच. ढब हरवली की अक्षर मेलं.

ताई मागून जाता जाता थांबल्या. ताई म्हणजे आमच्याकडे सहा वर्षं व्हायनल, म्हणजे पाटीवर चिकटवायचा प्लास्टिकचा कागद, सोलतात त्या. मशीन अक्षरं कापतं, पण अक्षरांभोवतीचा फालतू भाग हाताने सोलून काढावा लागतो. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललाय, तरी त्यांच्यासारखं कुणी सोलत नाही. बोटाच्या टोकाला काप लागतो म्हणतात.

स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "हा कोण उभा आहे?"

"कुठे?"

"झाडांत."

सूनबाईने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पानं, पानं आणि पानं.

"ताई," मी म्हणालो, "डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या आता. उद्या मलाच कुणीतरी समजाल."

एरवी त्या हसतात, आज हसल्या नाहीत. जागेवर जाऊन बसल्या. त्यांचं सोलणं म्हणजे एक लांब, न तुटणारं 'कर्रर्र'. आज ते दोनदा मधेच तुटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईंनी चहाच्या वेळी विचारलं, ही बाग कुणाची. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

त्यांचा धाकटा भाऊ मार्चपासून बेपत्ता आहे हे मला माहीत होतं. कुठल्याशा बागेत राखणदार होता एवढंही माहीत होतं. कुठली बाग, हे मी कधी विचारलं नव्हतं. सहा वर्षं एका छपराखाली बसतो आम्ही. चूक माझी.

हीच ती बाग. एकोणीस वर्षं तो तिथल्या खोलीत राहिला. थोरल्या मालकांनी त्याला तोंडी सांगितलं होतं की तू मरेपर्यंत इथेच राहा. ते गेले, पुतण्या आला आणि म्हणाला, खोली रिकामी कर. हा म्हणाला, करणार नाही. पंधरा दिवसांनी ताई भेटायला गेल्या तर खोलीला कुलूप. नवे साहेब गोड बोलले, म्हणे तो दुसरीकडे चांगलं काम मिळालं म्हणून गेला.

"दाराबाहेरच्या बादलीत बी भिजत घातलेलं होतं, मालक," ताई म्हणाल्या. "सडून वास सुटला होता. दुसऱ्या दिवशी पेरायचं म्हणून बी भिजत घालतात. असं बी भिजत घालून कोण जातं?"

पोलीस चौकीत म्हणाले, मोठा माणूस आहे, लहान पोर नाही, येईल परत. आठ महिने झाले. ताई दाराला आतून कडी लावत नाहीत, तो आला तर ठोठावावं लागू नये म्हणून.

मी धीर दिला. काय धीर देणार? दुपारी गुळगुळीतला फोन होता, त्यात सहज म्हणून टाकलं, "साहेब, तिथे पूर्वी कुणी राखणदार होता ना?"

"होता. सोडून गेला. तुम्हाला कोण म्हणालं?"

"असंच, ऐकलं होतं."

त्याचा आवाज जरा कोरडा वाटला. फोनवर वाटतो कधीकधी.

१० नोव्हेंबर, सोमवार

हे सावकाश लिहितो.

अक्षरांना काळी कड दिली तर ती फुगलेली दिसली. मागे सावली टाकली तर सावलीतही पानंच. शेवटी ठरवलं की मागचा फोटोच धूसर करायचा. पानांची टोकं बोथट झाली की नजर तिथे अडकत नाही, सरळ नावावर जाते. साधी युक्ती आहे. सूनबाई पायरी पायरीने वाढवत गेली. आधी कडा गेल्या, मग पानं गेली, मग नुसता हिरवा फेस उरला. सात अक्षरं वर तरंगायला लागली.

आणि अक्षरांबरोबर तोही वर आला.

दोन बुंध्यांच्या झाडाच्या आणि सिमेंटच्या टाकीच्या मधे एक माणूस उभा होता. उंच. हात खाली सोडलेले, उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं उतरलेला. चेहरा नाही, तिथे फक्त फिकट डाग. पण उभं राहणं माणसाचंच. इतक्या वर्षांत मी ढब ओळखायला चुकलेलो नाही.

सूनबाईने धूसरपणा काढला. पानं. पुन्हा घातला. माणूस.

"बाबा, हे काय आहे?"

"ऊन-सावली," मी म्हणालो. "ढगांत नाही का हत्ती दिसत?"

मागे सोलण्याचा आवाज थांबला होता. ताई कधी उठून आल्या ते मला ऐकू आलं नाही. मला! त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"लहानपणी छपरावरून पडला होता," त्या म्हणाल्या. "हाड तिरकं बसलं. तेव्हापासून तो खांदा असाच आहे."

फोटो ऑक्टोबरमधला आहे. फाइलवर तारीख आहे, मी दोनदा बघितली. भाऊ गेला मार्चमध्ये. मी ताईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी कुठे म्हणाले की तो जिवंत आहे म्हणून?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुळगुळीतला म्हटलं, हा फोटो फार दाट आहे, दुसरे पाठवा. त्याच्या फोटोग्राफरने त्याच बागेचे दोन पाठवले. एक फाटकाकडून काढलेला, एक टाकीच्या मागून. मी मुद्दाम वेगळ्या बाजू मागितल्या होत्या. सावली असेल तर बाजू बदलली की मोडेल, हा हिशोब.

दोन्ही धूसर केले.

दोन्हीत आहे. तीच जागा, टाकी आणि झाड यांच्या मधली. एका फोटोत टाकी त्याच्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. जागा बरोबर जुळते.

पण तोंड आपल्याकडे. पहिल्या फोटोत आपल्याकडे, फाटकाकडून काढलेल्यात आपल्याकडे, मागून काढलेल्यातही आपल्याकडे. उतरलेला खांदा तिन्ही वेळा एकाच बाजूला.

सावली तिन्ही बाजूंना तोंड दाखवत नाही, एवढं मलाही कळतं.

सूनबाईने स्क्रीन बंद केला आणि म्हणाली, "आज मी लवकर जाऊ का?" अकरा वाजले होते सकाळचे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काम केलं नाही. ब्रश धुतले. वर्षभर वापरले नव्हते, तरी धुतले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गुळगुळीत नमुना बघायला आला. मी सूनबाईला सांगून ठेवलं होतं की धूसर केलेलं काहीही दाखवायचं नाही. उगाच गिऱ्हाइकाच्या डोक्यात किडा कशाला? साधा, स्वच्छ फोटो लावला. एक एक पान मोजून घ्यावं असा, वर लोगो.

"वाचता येत नाही," तो म्हणाला.

"येत नाहीच. अक्षरांमागे एखादी पट्टी टाकावी लागेल."

"कुठे टाकाल?"

"खाली टाकू. आकाशाकडेही टाकता येईल."

त्याने फोटोकडे बघितलं. फार वेळ नाही. मग पुढे होऊन स्क्रीनवर बोट ठेवलं. "नाही, इथे. आणि पट्टी पक्की हवी, आरपार काही दिसायला नको."

त्याने बोट ठेवलं ते दोन बुंध्यांच्या झाडाच्या आणि टाकीच्या मधोमध. आम्ही टाकली, गडद हिरवी, ठोस. अक्षरं पांढरी. आणि काय सांगू, नाव खाडकन बाहेर आलं. दुकानाच्या दारातून वाचलं, समोरच्या फुटपाथवरून वाचलं. मी दहा दिवस डोकं खाजवलं आणि या माणसाने एका नजरेत जागा धरली. आमच्या धंद्यात असता तर नाव काढलं असतं. मी तोंडावर कौतुकही केलं. तो म्हणाला, "माझी बाग आहे. मला माहीत आहे कुठे काय आहे."

तो गेल्यावर ताई आल्या. "झाकू नका, मालक."

"ताई, अक्षर वाचायचं तर मागचं काहीतरी झाकावंच लागतं."

"वाचायचंय कुणाला?" त्या म्हणाल्या. मी जरा चढ्या आवाजात दुसरंच काहीतरी बोललो. ते लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

होर्डिंग चढलं. शंभर पावलांवरून वाचता येतं. डोळे किलकिले करून बघायचा धीर झाला नाही, पण वाचता येतं.

शिडी खाली आली तेव्हा चौकात ताई उभ्या होत्या. घरी जायचा त्यांचा रस्ता तो नाही. मान वर करून त्या पट्टीकडे बघत होत्या. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी हाक मारली नाही. अर्ध्या तासाने फिरून आलो तरी तिथेच.

आज सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी येऊन धड जेवलो नाही. सूनबाई म्हणाली, "आज जेवण गार तुमच्यामुळेच झालं, आणि तेही गप्प बसून."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दाढी करताना आरशावर वाफ आली आणि माझा चेहरा गेला. नुसता माणूस उरला, खांदे आणि मान. आणि एकदम हातच थांबला.

गुळगुळीतला आम्ही धूसर फोटो दाखवलाच नव्हता.

स्वच्छ फोटोत तिथे काहीच नाही. पानं आहेत, इतर जागी आहेत तशीच. मला तीन दिवस बघूनही दिसलं नव्हतं. मोठं करून सूनबाईला दिसलं नव्हतं. मग त्याचं बोट नेमकं तिथेच कसं गेलं? "आरपार काही दिसायला नको."

मी त्याला अक्कल म्हणालो. कौतुक केलं!

गालाला कापलं. रक्त पुसत बराच वेळ बसलो. खरं लिहायचं तर आधी ताईंचा विचार आला नाही, आधी वाटलं की आपण काहीच बघितलं नाही असं धरून चालू. पट्टी घातलीच आहे. पट्टी चांगली आहे. शहरभर वाचता येते.

मग ताईंच्या दाराची कडी आठवली.

चौकीत जाऊन काय सांगू? साहेब, डोळे अर्धे मिटा, म्हणजे खून दिसेल?

१९ नोव्हेंबर, बुधवार

सूनबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "बाबा, फाटकाची पाटी अजून बाकी आहे ना?"

"आहे."

"तिला खांब लागतील."

ही पोर आमच्या घरात आली ते आमचं नशीब.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बारा वाजता बागेत गेलो, मोजमाप घ्यायला. ताई म्हणाल्या, मी येणार. मी नाही म्हणालो, तरी त्या रिक्षात आधीच बसलेल्या.

फाटक उघडंच होतं. राखणदार कुणी नाहीच. आत गेल्यावर आधी कानाला खटकलं. एवढी झाडं, पण पक्षी नाही, पानाची सळसळ नाही. आमच्या तिघांची पावलं तेवढी. (तिसरा रिक्षावाला, तो चार पावलं आत येऊन परत फिरला. म्हणाला, "मी बाहेर थांबतो, इथे बरं वाटत नाही." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.)

पाटीची जागा ठरवायला जसं नेहमी करतो तसंच केलं. फाटकापाशी उभा राहिलो आणि बघितलं. कडेला सगळी झुडपं, एकात एक गुंतलेली. त्यांच्यापुढे पाटी लावली तर होर्डिंगसारखाच घोळ. समोर तीस पावलांवर मात्र टाकी आणि दोन बुंध्यांचं झाड, आणि त्यांच्या मधे एक चौकोन. सपाट. नुसतं गवत, एका उंचीचं, एका रंगाचं. एक झुडूप नाही की वाळकी फांदी नाही. अख्ख्या बागेत तेवढीच जागा शांत.

मग सवयीने डोळे किलकिले झाले. मी ठरवून केलं नाही. चाळीस वर्षांची खोड.

उभा होता. भर दुपारी, उन्हात. मी डोळे उघडले तर गवत. मागची पानं. पुन्हा मिटायची हिंमत झाली नाही.

शेजारी ताई उभ्या होत्या. चष्मा हातात होता, डोळे सताड उघडे.

"दिसला ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मला कधीपासून दिसतोय. मी म्हटलं तुम्हाला त्रास नको."

तेवढ्यात गुळगुळीतचा फोन. बाहेरगावी होता.

"पोचलात का? फाटकालगतच लावा पाटी."

"इथे मागे झुडपं आहेत, साहेब. वाचता येणार नाही. जरा आत..."

"टाकीपाशी नको."

मी टाकीचं नावही घेतलं नव्हतं.

"का हो?"

तो थांबला. आता तो आवाज मी नीट ऐकला. इस्त्री पार उतरलेली. "तिथली जमीन ओली असते. रविवारी मी येतोय, तोवर काही करू नका."

"बरं साहेब. तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

धंद्यात गिऱ्हाइकाला पाटी वेळेवर देतो म्हणून पुष्कळदा खोटं बोललो आहे. हे खोटं तसलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आमचे खांब रोवणारे दोघे सकाळी आठला घेतले, ताई बरोबर होत्याच. दोघे भाऊभाऊ आहेत, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांचं काम होत नाही. फाटकापाशी उभं राहून मी जागा दाखवली.

"इतक्या आत?" थोरला म्हणाला. "पाटी लावायची आहे की लपवायची आहे?"

"वाचता आली पाहिजे."

"तुमचं ते वाचता येणं एक दिवस आम्हाला आडवं करणार."

झाडालगतचा पहिला खड्डा घेतला. पहार आपटली की 'ठण' वाजायचं. कडक, पावसाळ्यानंतर पाणी न लागलेली जमीन. ओली म्हणे. कमरेइतकं खणायला तासभर गेला.

दुसरा खड्डा मधोमध. पहिलाच घाव आणि आवाज 'धप्प'. पोकळ नाही. मऊ. थोरल्याने पहार उचलली, बघितली, पुन्हा मारली. धप्प.

"मालक, ही माती पूर्वी कुणीतरी खणलेली आहे."

"खण."

"नाही, पण..."

"हळू खण. पहार नको. फावड्याने घे."

गुडघाभर गेल्यावर धाकटा एकदम शिवी द्यायचा थांबला. अर्धी तोंडात राहिली. ताई त्याला बाजूला सारून खड्ड्यात उतरल्या. मी धरायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. हे माझं काम आहे."

हाताने माती बाजूला करायला लागल्या. काप शोधतात तशाच, बोटाच्या टोकाने, न घाई करता. एका जागी बोटं थांबली. मातीत कापडाची कड होती. त्यांनी ती चिमटीत धरली, पण ओढली नाही. नुसती धरून बसल्या.

मी फाटकाबाहेर येऊन चौकीला फोन केला. पत्ता सांगताना माझा आवाज मलाच परका वाटला. परत आलो तेव्हा एक कावळा ओरडला. मग दुसरा. मग सगळी बागच बोलायला लागली, पानं, पक्षी, कुठेतरी लांब कुत्रं. दोघे भाऊ एकमेकांना चिकटून उभे होते. थोरला म्हणाला, "एवढा वेळ हे सगळे कुठे होते?"

२३ नोव्हेंबर, रविवार

गुळगुळीतला गाडीतून उतरतानाच धरला. चौकीत माझा जबाब चालू असताना त्याला शेजारच्या खोलीत नेलं. चेहरा बघितला नाही. पावलं ऐकली. पाच पावलांत तो दोनदा अडखळला.

इन्स्पेक्टर बाई चाळिशीच्या, डोळ्यांत झोप नसलेल्या. "काका," त्या म्हणाल्या, "एवढी मोठी बाग आणि तुम्ही नेमकं तिथेच खणलंत. कसं काय?"

"मागचं शांत होतं, बाई. तिथे अक्षरं वाचता आली असती."

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. खोटं नव्हतं ते.

ओळख पटवायला ताईंना सरकारी दवाखान्यात नेलं. बाईंनी सांभाळून सांगितलं की चेहरा ओळखण्यासारखा उरलेला नाही. ताई म्हणाल्या, "चेहरा कशाला हवा? खांद्याचं हाड बघा. उजवं. तिरकं बसलेलं असेल." होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

होर्डिंग उतरवलं. गुंडाळी करून मागच्या बाजूला ठेवली. फोटोच्या तिन्ही फाइली चौकीत दिल्या. आमच्या कॉम्प्युटरवर एक एक प्रत आहे. सूनबाईने विचारलं, "पुसू का?" मग जरा थांबून, "की आधी एकदा धूसर करून बघायचं? अजून आहे का ते?"

दोघेही स्क्रीनकडे बघत बसलो. तिचा हात माउसवर होता.

"नको," मी म्हणालो.

"मलाही नकोच वाटतंय," ती म्हणाली आणि तिने पुसल्या. आता मला कधीच कळणार नाही. कळून काय करायचं होतं तेही माहीत नाही. पण संध्याकाळी एका किराणा दुकानाचा बोर्ड बघायला गेलो तेव्हा चाळीस पावलं मागे गेलो, आणि डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनीच वाचला. चुकला असेल तर चुकू दे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल ताईंच्या भावाचे अंत्यविधी झाले. आम्ही सगळे गेलो होतो. मी ताईंना सांगितलं, महिनाभर येऊ नका, पगाराची काळजी नको.

आज नऊला दुकान उघडतोय तर त्या पायरीवर बसलेल्या. साडी धुतलेली, केस ओले, चष्मा डोळ्यांवर. माझ्या आधी आत शिरल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

"ताई, हे काय? घरी जा. थोडं पडा."

"पडून काय करू?" त्या म्हणाल्या. "आठ महिने घरी गेले की काम असायचं. दाराकडे कान लावून बसायचं. काल पहिल्यांदा आतून कडी लावली, मालक. आणि कळेना की आता करायचं काय."

सूनबाईने मशीन सुरू केलं. किराणा दुकानाची अक्षरं कापून बाहेर आली, तिने ती ताईंच्या पुढे ठेवली. ताईंनी बोट फिरवून पहिली कड शोधली आणि सोलायला घेतलं. दुपारपर्यंत आवाज एकदाही तुटला नाही. मग एका अक्षराशी तुटला, आणि त्या रडल्या. आम्ही मशीन बंद केलं आणि त्यांचं रडणं होईपर्यंत दोघेही काही न करता बसून राहिलो.